रिव्हरसाइड ऐकायचा तर कान बासवर ठेवा

तुम्ही लिहिलंय की कॉलेजची सगळी वर्षं पिंक फ्लॉइड आणि ड्रीम थिएटर हे रॉक बँड ऐकण्यात गेली. मग एका मित्राने पोलंडच्या रिव्हरसाइड या बँडचं '०२ पॅनिक रूम' ऐकवलं आणि ते डोक्यातून जाईना. त्यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. हा बँड म्हणजे त्या मोठ्या मंडळींची चांगली नक्कल आहे का? गिटारवादक गेल्यानंतरचे अल्बम ऐकण्यासारखे आहेत का? आणि आता पुढे कुठून ऐकत जावं?

मी २२ वर्षं बास गिटार वाजवतोय आणि त्यातली १४ वर्षं पुण्यात शिकवतोय. त्यामुळे माझं उत्तर बासच्या बाजूने झुकलेलं असणार. पण या बँडच्या बाबतीत तो कल योग्यच आहे. रिव्हरसाइडमध्ये गाणारा, शब्द लिहिणारा आणि बास वाजवणारा माणूस एकच आहे, मारिउश दुदा. एरवी रॉक बँडमध्ये गाणं गिटारवर किंवा पियानोवर तयार होतं आणि बासवाल्याला सगळ्यात शेवटी सांगतात, 'आता याच्याखाली काहीतरी भर.' रिव्हरसाइड ऐकताना बरोबर उलटं जाणवतं. बासची ओळ हीच चाल असते, आणि गिटार, की-बोर्ड तिच्याभोवती आपापली जागा शोधत बसतात.

आधी नावांचं एक सांगून टाकतो, कारण आपल्याकडे ती इंग्रजी वळणाने वाचली जातात. की-बोर्डवाल्याचं नाव 'मायकल लापाज' नाही, मिहाऊ वापाय. पोलिशमध्ये तिरक्या रेघेने छेदलेल्या 'ल'चा उच्चार 'व' होतो. ड्रमर पिओत्र कोझेरात्स्की, आणि गिटारवादक पिओत्र ग्रुजीन्स्की. नावं नीट घेतली की माणसं जवळची वाटतात, असा माझा अनुभव आहे.

बँड सुरू झाला २००१ मध्ये वॉर्सात. त्याची गोष्ट मला फार आवडते. कोझेरात्स्की तोपर्यंत हेट आणि डोमेन या डेथ मेटल बँडमध्ये वाजवत होता. दोन्ही पायांनी बास ड्रम बडवायचा, कानठळ्या बसवायच्या, असं ते काम. ग्रुजीन्स्कीही मेटलमधलाच. एकदा ग्रुजीन्स्की कोझेरात्स्कीच्या गाडीत बसला तर आत चक्क मॅरिलियन चालू! मेटल ड्रमरच्या गाडीत असलं हळवं, लांबलचक प्रोग्रेसिव्ह रॉक वाजतंय याचं त्याला नवल वाटलं. दोघांचं गुपित एकच निघालं आणि तिथून पुढे आपण हेच वाजवू असं ठरलं. पहिला की-बोर्डवाला यात्सेक मेल्नित्स्की याचा स्वतःचा स्टुडिओ होता. त्याने दुदाचं नाव सुचवलं.

दुदा मूळचा व्हेंगोझेवोचा. पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मझुरी या तळ्यांच्या प्रदेशातलं हे छोटं गाव. त्याला बोलावलं होतं फक्त बास वाजवायला. तालमी चालू होत्या, बहुतेक सगळं वाद्यांचंच संगीत होतं. वाजवता वाजवता तो मनाने जुळवलेल्या, इंग्रजीसारख्या वाटणाऱ्या अर्थहीन शब्दांत गाऊ लागला. बाकीच्यांनी ऐकलं आणि गायक मिळाला. या प्रसंगात बँडची सगळी शैली दडलेली आहे असं मला वाटतं. हाताखाली बास चालू असतानाच गळ्यातून सूर आला. त्यामुळे त्याचं गाणं आणि त्याचा बास एकमेकांवर कधी आदळत नाहीत. गळा लांब सूर धरतो तेव्हा बास चालतो, आणि गळा शब्द बोलतो तेव्हा बास थांबतो किंवा एकाच स्वरावर राहतो. दोन वेगळ्या माणसांना हे जमवायला वर्षं लागतात.

२००३ मध्ये मेल्नित्स्की स्टुडिओच्या कामाकडे वळला आणि त्याच्या जागी वापाय आला. वर्षअखेरीस 'आउट ऑफ मायसेल्फ' हा पहिला अल्बम पोलंडमध्ये आला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघाला. २००५ मध्ये 'सेकंड लाइफ सिंड्रोम'पासून ते इनसाइडआउट या जर्मन कंपनीकडे गेले. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांना ही कंपनी चांगलीच ठाऊक असते. तिथून बँडचं नाव युरोपभर झालं.

आता नक्कल म्हणण्याआधी पोलंडचं थोडं मागचं बघायला हवं, कारण हा बँड आभाळातून पडलेला नाही. चेस्वाव निएमेन नावाचा एक जबरदस्त गायक होता. त्याने १९७० च्या 'एनिग्मॅटिक' या अल्बमवर त्सिप्रियान नोर्विद या एकोणिसाव्या शतकातल्या कवीची कविता घेऊन सुमारे १६ मिनिटांचं गाणं केलं. हॅमंड ऑर्गन, मागे कोरस, आणि एखाद्या अंत्ययात्रेसारखी संथ लय. कम्युनिस्ट राजवटीत, सरकारी रेकॉर्ड कंपनीवर असं काम निघालं होतं. त्यानंतर दक्षिण पोलंडमधल्या सायलेशियातला एसबीबी हा बँड. त्याचा प्रमुख युझेफ स्कशेक बास वाजवायचा, की-बोर्ड वाजवायचा आणि गायचाही. म्हणजे बासवाल्याने गाण्याची सूत्रं हातात घ्यायची ही रीत पोलंडमध्ये दुदाच्या जन्माआधीपासून होती. १९९० च्या दशकात कोलाज नावाचा बँड पुढे आला. त्यांचा १९९४ चा 'मूनशाइन' मॅरिलियनच्या वाटेने जाणारा, पण अतिशय मनापासून केलेला अल्बम आहे. आणि हे सगळं लोकांपर्यंत पोचवणारी होती पोलिश रेडिओची तिसरी वाहिनी. तिच्यावर पिओत्र काच्कोव्स्की या निवेदकाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकणारे कान तयार केले. त्या देशात लांब, उदास, हळूहळू उलगडणारं गाणं ऐकायची सवय होती. रिव्हरसाइडला श्रोता तयार करावा लागला नाही.

तर नक्कल का? प्रभाव आहेतच, आणि ते लपलेलेही नाहीत. ग्रुजीन्स्कीची एकल गिटार ऐकताना फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर आणि मॅरिलियनचा स्टीव्ह रॉदरी आठवणारच. एक स्वर वाकवायचा, लांबवायचा, तो विझत आला की पुढचा. पहिल्या दोन अल्बमांवर पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडची छायाही आहे. पण ड्रीम थिएटरशी नातं सांगणं मला पटत नाही. ड्रीम थिएटरमध्ये कौशल्य समोर येऊन उभं राहतं, आणि ते तसंच असावं अशी त्या संगीताची मागणी आहे. रिव्हरसाइडचे चौघे आपलं कौशल्य झाकून ठेवतात. डेथ मेटलमधून आलेला ड्रमर बहुतेक वेळ हात राखून वाजवतो. तो जिथे सुटतो तिथे अंगावर काटा येतो, कारण तोपर्यंत त्याने वाट बघायला लावलेली असते.

पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं 'द सेम रिव्हर' ऐका. १२ मिनिटांचं आहे. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं म्हटल्यावर कोणताही नवा बँड दोन मिनिटांत आपला गायक पुढे आणतो. इथे गाणं बरंच पुढे जातं तरी गायकाचा पत्ता नाही. वाद्यं एकेक करून आत येतात आणि तोच विचार थोडा थोडा वाढवला जातो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ही बढत आहे. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे गाणं समजवावं लागत नाही. माझ्या वडिलांना रॉक अजिबात आवडत नाही, पण हे वाजत असताना ते 'कोण आहेत हे? घाई नाही यांना,' एवढं म्हणून तिथेच बसून राहिले होते.

आता तुमच्या '०२ पॅनिक रूम'कडे येतो. ते का डोक्यातून जात नाही याचं कारण मला एका शिकवणीत सापडलं. एक विद्यार्थी हे गाणं शिकवा म्हणून आला. मी त्याला म्हटलं, वाजवायचं नंतर, आधी गुणगुणून दाखव. तो जे गुणगुणला ती गायकाची ओळ नव्हती. ती बासची आकृती होती. त्याच्या स्वतःच्याही हे लक्षात आलं नव्हतं. मग मी त्याला ती आकृती वाजवायला लावली, पण एका अटीवर. दोन मिनिटं, एकही स्वर इकडेतिकडे न करता. तिसऱ्या आवर्तनालाच त्याची करंगळी वळवळायला लागली. समेच्या आधी एक छोटी भरीची जागा घ्यावी असं त्याला वाटू लागलं. प्रत्येक बासवाल्याला वाटतं, मलाही वाटतं. दुदा ती घेत नाही. आकृती तशीच धडधडत राहते आणि त्यामुळे वरच्या आवाजात नुसता बदललेला एक स्वरही केवढा मोठा वाटतो. आणि मग गाणं उत्तरार्धात सगळं खाली ठेवून देतं. इतका वेळ छातीत धडधडणारी गोष्ट थांबते आणि शांत, जवळजवळ रिकामी जागा उरते. त्या विद्यार्थ्याने शेवटी विचारलं, 'सर, म्हणजे हे सगळं त्या शांत भागासाठी होतं का?' हो, त्यासाठीच होतं.

हे गाणं ज्या अल्बमवर आहे तो 'रॅपिड आय मूव्हमेंट', २००७ चा. 'रिअ‍ॅलिटी ड्रीम' या त्रयीतला हा तिसरा भाग. पहिल्या तिन्ही अल्बममध्ये स्वतःच्याच डोक्यात अडकलेल्या एका माणसाची गोष्ट चालू आहे. आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमचं गाणं त्यावर असूनही तिघांत मला तो सगळ्यात कमी आवडतो. काही गाण्यांत त्यांनी आधी जास्त चांगलं सांगितलेलंच पुन्हा सांगितलंय. त्रयीचं शिखर म्हणजे 'सेकंड लाइफ सिंड्रोम'. शीर्षकगीत १५ मिनिटांच्या वर जातं आणि त्यातला एकही भाग मला कापावासा वाटत नाही. त्याच अल्बमवर साडेतीन मिनिटांच्या आसपासचं 'कन्सीव्हिंग यू' हे पियानोचं गाणंही आहे. ज्यांना लांब गाण्यांची धास्ती वाटते त्यांना मी आधी हेच ऐकवतो. आणखी एक गंमत पाहा. या अल्बमचं पहिलं गाणं 'आफ्टर' आणि शेवटचं 'बिफोर'. म्हणजे गोष्ट 'नंतर'पासून सुरू होते आणि 'आधी'वर संपते.

नावांशी असं खेळायची दुदाला सवय आहे. त्रयीतल्या तिन्ही अल्बमांच्या नावांत तीन-तीन शब्द. त्यापुढचा 'अ‍ॅनो डॉमिनी हाय डेफिनिशन', चार शब्द. मग 'श्राइन ऑफ न्यू जनरेशन स्लेव्ह्ज', पाच. मग 'लव्ह, फिअर अँड द टाइम मशीन', सहा. आद्याक्षरं जुळवली तर चौथ्याचं होतं एडीएचडी (लक्ष एका जागी न ठरण्याच्या विकाराचं नाव) आणि पाचव्याचं 'साँग्ज'. हा नुसता चमत्कृतीचा सोस वाटू शकतो, पण चौथ्या अल्बमवर ते नाव शब्दशः खरं ठरतं. २००९ चा हा अल्बम म्हणजे आजच्या घाईचं, एका जागी न ठरणाऱ्या मनाचं संगीत आहे. पाचच गाणी, आणि एकूण लांबी बरोबर ४४ मिनिटं ४४ सेकंद. सुरुवात एकट्या पियानोने, सावकाश. मग जे सुटतं ते थांबत नाही. 'इगोइस्ट हिडॉनिस्ट'मध्ये मधेच ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा घुसतो आणि दोन क्षण वाटतं चुकून दुसरंच काही लागलं. वापायचा हॅमंड इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गुरगुरतो. हा त्यांचा सगळ्यात जड, सगळ्यात मेटल अल्बम, आणि हाच पोलंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

एखाद्या बँडने इथेच मुक्काम ठोकला असता. त्यांनी २०१३ मध्ये 'श्राइन'साठी दिशाच बदलली. लय खाली आली, रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, जाड आणि जुन्या वळणाचे झाले. १९७० च्या दशकातल्या डीप पर्पलसारख्या बँडमध्ये गिटार आणि हॅमंड जसे खांद्याला खांदा लावून चालायचे, तसे इथे चालतात. पहिल्याच गाण्यात एक जड रिफ येतो आणि थांबतो, मग नुसता आवाज, मग पुन्हा रिफ. ही मधली शांतता धरणं बँडसाठी किती कठीण असतं हे वाजवणाऱ्यालाच कळतं. चौघांनी एकाच क्षणी हात उचलायचा आणि एकाच क्षणी खाली आणायचा, मधे ठेका धरायला कुणी नाही. मी आमच्या बँडला हे तालमीत करायला लावलं. पहिल्या दिवशी चार प्रयत्नांत चार वेळा कुणीतरी आधी उतरला. चूक दर वेळी ड्रमरची नव्हती, हेही सांगतो. दोन वेळा ती माझीच होती. त्या अल्बमवर १२ मिनिटांचं 'एस्कलेटर श्राइन' आहे. मॉलच्या सरकत्या जिन्यावर देवळात जावं तशी गर्दी करणाऱ्या माणसांवरचं. इंग्रजी शब्द साधे, कधी कधी फारच सरळ आहेत. शब्दांसाठी दुदाकडे जाऊ नका, असं मी म्हणेन. तो जे सांगतो ते स्वरांच्या उतरणीत असतं. त्याच अल्बमवरच्या 'डिप्राइव्ह्ड'च्या शेवटाकडे सोप्रानो सॅक्सोफोन येतो, तिथे रात्री उशिरा एकटं बसून ऐका.

त्यानंतर २०१५ चा 'लव्ह, फिअर अँड द टाइम मशीन'. हा त्यांचा सगळ्यात उजेडाचा अल्बम. १९८० च्या दशकातलं, गिटारवर भरपूर प्रतिध्वनी असलेलं स्वच्छ संगीत, आणि दुदाचा आवाज पूर्ण मोकळा. सुरुवातीच्या अल्बमांवर तो अधूनमधून मेटलसारखा ओरडायचा, गुरगुरायचा. इथे त्याचा मागमूसही नाही. पहिल्या गाण्याचं नाव 'लॉस्ट'ने सुरू होतं, शेवटच्याचं 'फाउंड'ने. ग्रुजीन्स्कीची गिटार इथे मला सगळ्यात सुंदर वाटते, कारण तो जवळजवळ काहीच करत नाही. दोन-तीन स्वर, आणि त्यांच्यामध्ये भरपूर हवा.

२१ फेब्रुवारी २०१६ ला ग्रुजीन्स्की हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. वय अवघं ४०. मला ती बातमी एका कार्यक्रमाच्या आधी, साउंड चेकच्या वेळी कळली. आमच्या गिटारवाल्याने काही न बोलता अ‍ॅम्पवर एक लांब स्वर धरला आणि विझू दिला. आम्ही कुणी ग्रुजीन्स्कीला कधी पाहिलंही नव्हतं. पण वर्षानुवर्षं ज्याच्या स्वरांवर स्वर ठेवून शिकलो तो माणूस परका राहत नाही.

बँडने दौरा रद्द केला. त्या शरदात त्यांनी जाहीर केलं की आम्ही तिघेच पुढे जाऊ, जागा भरणार नाही. ऑक्टोबरमध्ये 'आय ऑफ द साउंडस्केप' निघाला. हा शांत, बहुतांशी वाद्यांचा, वातावरणाचा दुहेरी अल्बम, आणि त्यावर ग्रुजीन्स्कीचं वाजवणं आहे. तो पार्श्वभूमीला लावायचा अल्बम आहे असं काही जण म्हणतात. मला ते म्हणणं पटत नाही, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका हेही खरं.

२०१७ मध्ये मंचावर त्यांच्यासोबत माचेय मेलर उभा राहिला. हा क्विडाम या पोलिश प्रोग्रेसिव्ह बँडचा गिटारवादक. तीन वर्षं तो पाहुणाच राहिला. २०२० मध्ये त्यांनी त्याला बँडचा सदस्य केलं. ही तीन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. गेलेल्या माणसाची खुर्ची त्यांनी घाईने कुणाला दिली नाही, आणि मेलरनेही ती मागितल्याचं त्याच्या वाजवण्यात कधी दिसलं नाही.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, आला 'वेस्टलँड'. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हा अल्बम ऐकण्यासारखा आहे का? माझ्या मते तो त्यांच्या सगळ्यात चांगल्या दोन-तीन अल्बमांपैकी आहे. जगाचा अंत होऊन गेल्यानंतर उरलेल्या माणसांची गोष्ट, असं वरवरचं रूप. पण एका माणसाच्या जाण्यानंतर उरलेल्या तिघांची ती गोष्ट आहे हे न सांगताही कळतं. सुरुवात होते दुदाच्या जवळजवळ उघड्या, एकट्या आवाजाने. गाण्याचं नाव 'द डे आफ्टर'. शेवटच्याचं 'द नाइट बिफोर'. तेरा वर्षांपूर्वीच्या 'आफ्टर' आणि 'बिफोर'कडे त्याने पुन्हा हात नेलाय. बहुतेक गिटार या अल्बमवर दुदानेच वाजवली, मेलर काही एकल जागांपुरता आला, आणि मिहाऊ येलोनेकचं व्हायोलिनही आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट आहे पिकोलो बास. हे जरा तपशिलात सांगतो, कारण त्या अल्बमचा रंग यातून आलाय आणि गिटारवाल्यांना तो चटकन ओळखता येत नाही. बासच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांच्या एक सप्तक खाली असतात. सगळ्यात जाड तार बासवर साधारण ४१ हर्ट्झ, गिटारवर ८२. पिकोलो बासला पातळ तारा लावून त्याला एक सप्तक वर, म्हणजे गिटारच्याच उंचीवर आणतात. स्वर गिटारचे झाले, पण तार लांबच राहिली. नेहमीच्या बासवर खुली तार ३४ इंच असते, गिटारवर सुमारे २५. त्यामुळे ताण वेगळा, तार छेडल्यावरचा पहिला आघात वेगळा, आणि आवाजाला एक कोरडं, उघड्या माळरानासारखं रूप येतं. मी एका जुन्या बासवर तसल्या तारा चढवून पाहिल्या. पहिल्याच स्वराला कळलं की 'वेस्टलँड'मध्ये मला काय हलवत होतं. गिटारच्या जागी गिटार नाही. गिटारच्या उंचीवर बास आहे. ज्याची जागा रिकामी झाली तिथे त्याचा मित्र आपलंच वाद्य घेऊन उभा राहिलाय. असं त्यांनी मुद्दाम ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. मला मात्र दर वेळी तेच ऐकू येतं, विशेषतः 'लॅमेंट'मध्ये, जिथे पूर्व युरोपच्या लोकगीतांची वळणं येतात.

याच्या जोडीने दुदाचा लुनाटिक सोल हा वेगळा प्रकल्पही ऐका. तो २००८ पासून चालू आहे आणि तिथे त्याने इलेक्ट्रिक गिटार ठरवून बाहेर ठेवली. म्हणजे गिटारशिवाय कसं उभं राहायचं याचा रियाज त्याने गरज पडण्याच्या कितीतरी आधी केला होता. त्या सगळ्या दुःखाच्या वर्षानंतर, २०१७ मध्ये आलेला लुनाटिक सोलचा 'फ्रॅक्चर्ड' हा 'वेस्टलँड'चा थोरला भाऊच समजा.

जानेवारी २०२३ चा 'आयडी.एंटिटी' हा मेलर सदस्य झाल्यानंतरचा पहिला स्टुडिओ अल्बम. समाजमाध्यमं, आपल्यावर नजर ठेवणाऱ्या कंपन्या, खोट्यालाच खरं मानणारा काळ असे विषय. संगीत मंचावर वाजवल्यासारखं, चार माणसं एका खोलीत आहेत असं ऐकू येणारं. मला पहिल्या ऐकण्यात तो फार चकचकीत वाटला होता. मग '‌द प्लेस व्हेअर आय बिलाँग' हे १३ मिनिटांचं गाणं हेडफोन लावून दोनदा ऐकलं आणि मत बदललं. बँडमध्ये पुन्हा चार जण आहेत, आणि मेलर ग्रुजीन्स्कीसारखं वाजवायचा प्रयत्न करत नाही. त्याचे स्वर अधिक गोल, अधिक गाणारे आहेत.

आता कुठून ऐकायचं. तुम्ही फ्लॉइडकडून आलात, तेव्हा 'लव्ह, फिअर अँड द टाइम मशीन' आधी घ्या. तो एक आठवडा घोळवा. मग 'सेकंड लाइफ सिंड्रोम', एका बैठकीत, गाणी पुढेमागे न करता. ड्रीम थिएटरची भूक लागली की 'अ‍ॅनो डॉमिनी'. 'वेस्टलँड' मात्र या तिघांच्या नंतरच ऐका. ग्रुजीन्स्कीची सवय झाल्याशिवाय त्याचं नसणं ऐकू येणार नाही. 'आउट ऑफ मायसेल्फ' आणि 'श्राइन' त्यानंतर कधीही.

ऐकताना फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. ४१ हर्ट्झ सोडा, त्याच्या तिप्पट उंचीचाही स्वर तिथे धड येत नाही. म्हणजे या बँडची अर्धी चाल तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. साधे तारेचे हेडफोन पुरतील.

आणि शेवटी 'लॉस्ट अँड फाउंड' हे थेट कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्गला ते झालं. ग्रुजीन्स्की जायच्या चार महिने आधी. कुणालाच काही ठाऊक नाही, चौघे मस्त मजेत आहेत, आणि तो नेहमीसारखाच एक स्वर वाकवून वाट बघतोय.